यादीतला पाण्याचा कॉम्प्युटर

माझ्या दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली एका लग्नाच्या यादीची झेरॉक्स आहे. लग्न माझ्या घरातलं नव्हतं, नात्यातलंही नव्हतं. काचेखाली लोक देवाचे फोटो ठेवतात, एसटीचं वेळापत्रक ठेवतात. मी यादी ठेवली आहे. समोर बसलेलं गिऱ्हाईक ती उलटी वाचत वाचत अकराव्या ओळीवर येतं, थांबतं आणि माझ्याकडे संशयानं बघतं. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो ते एवढ्यासाठीच. पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात अंक देऊन मला निवांत चहा पिता येईल.

शिरूरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. लोक मला मास्तर म्हणतात, पण मी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही. माझा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेले, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले, ते उघडायला आणि जोडायला मी शिकलो. क्लास बंद झाला, मास्तर तेवढा राहिला.

बाहेरच्या माणसाला वाटतं की या धंद्यात फार डोकं लागतं. डोकं लागतंच, पण त्याहून जास्त ब्रश लागतो. कॉम्प्युटरच्या पोटात काडेपेटीएवढा एक चपटा तुकडा असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. सगळा विचार तो करतो आणि विचार करताना तापतो. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा बसवतात आणि ठोकळ्याला पंखा लावतात. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती बाहेर फेकतो. मध्ये धूळ बसली की हे काम थांबतं आणि प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवायला हळू चालू लागतो. गिऱ्हाईक म्हणतं व्हायरस आलाय. मी ब्रश घेतो.

एका पोल्ट्रीवाल्याचा कॉम्प्युटर दर दोन महिन्यांनी बंद पडायचा. उघडला की आत पिसं. एकदा तर एवढी निघाली की उशी भरली असती. मी त्याला म्हटलं, कॉम्प्युटर शेडमधून घरात हलवा. त्यानं बराच वेळ विचार केला आणि मलाच विचारलं की मग कोंबड्यांवर लक्ष कोण ठेवणार. कॉम्प्युटर कोंबड्यांवर लक्ष ठेवतो असं तो मनापासून धरून चालला होता, कॉम्प्युटर बंद असतानासुद्धा.

कांद्याच्या आडतीवरच्या एका शेठनी वरताण केली. ऐन एप्रिलात मशीन तापतं म्हणून त्यांनी त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलं. माठाला चालतं तर याला का चालू नये, एवढाच त्यांचा प्रश्न. दोन दिवस चाललंसुद्धा. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा मशीन आतून ठिबकत होतं. तालुक्यातलं पहिलं लिक्विड कूलिंग कुणाचं असं कुणी विचारलं, तर मी प्रामाणिकपणे शेठचंच नाव घेतो.

खरं लिक्विड कूलिंग वेगळं असतं. त्यात प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची पोकळ डबी बसवतात. छोटी मोटर तिच्यातून एक खास द्रव फिरवते, तो उष्णता घेऊन नळीतून रेडिएटरला जातो, तिथं पंख्याच्या वाऱ्यानं गार होतो आणि परत येतो. पडद्यावर धुमश्चक्री चालणारे गेम खेळणारे लोक असली मशीन बांधतात. काचेची भिंत, आत नळ्या, नळ्यांत रंगीत पाणी. मी त्याचे व्हिडिओ दुकानात बसून बघायचो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, पोल्ट्री, ऑनलाइन फॉर्म भरून देणारे. त्यांच्या मशीनला ब्रश पुरायचा. पण एवढी वर्षं मशीन जोडून एकदाही नळ्यांचं मशीन बांधलं नाही, हे मला आतून टोचत होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, घरातला गळका नळ आधी बघा.

अशात आबा आले. आबा म्हणजे भांडगावचे ऊस बागायतदार. सगळ्या उसाला पहिल्यांदा ठिबक केलं ते त्यांनीच, त्यामुळं पाणी, नळी आणि फिल्टर या विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा मुलगा अमोल लहानपणी मामाकडे शिरूरला राहून माझ्याकडे टायपिंग शिकलेला, त्या ओळखीनं ते एवढ्या लांब आले. सोबत अमोल, त्याची नवी नवरी स्नेहल आणि गावचे आप्पा. आप्पा कोण हे विचारायची वेळच आली नाही. त्यांनी बसल्या बसल्या खिशातून हळदीकुंकवाचे डाग पडलेला कागद काढून माझ्यासमोर पसरला आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं.

ती लग्नाची यादी होती. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बसतात आणि कुणी काय करायचं ते कागदावर उतरवतात. बस्ता कुणाचा, जेवण कुणाचं, मंडप कुणाचा, मानपान किती. खाली पंचांच्या सह्या होतात आणि त्यानंतर त्यातली काडी इकडची तिकडे होत नाही. ही यादी आप्पांच्या हातची होती. दहावी ओळ वाजंत्री, बारावी ओळ वऱ्हाडाची गाडी. मध्ये लिहिलं होतं: ‘११. पाण्याचा कॉम्प्युटर, खेळण्यासाठी, नग एक. वरपक्ष.’

मी तीनदा वाचलं.

मग स्नेहलनं सांगितलं. ती हडपसरची. पाच मुलींची त्यांची टीम होती, पाच जणी पाच गावांच्या, आणि त्या गेमच्या स्पर्धा खेळायच्या. लग्न ठरलं तशी माहेरची सगळी म्हणू लागली की आता खेळ बंद, संसार सुरू. यादीच्या बैठकीत तिच्या वडिलांनी फ्रिज आणि कपाट लिहायला घेतलं, तेव्हा ही आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली की मला काही नको, एक गेमिंगचा कॉम्प्युटर तेवढा यादीत लिहा, लिक्विड कूलिंगसकट. बैठक गार पडली. आबांनी हसून विचारलं की हे काय असतं. तिनं सांगितलं. पाणी फिरवून यंत्र गार ठेवतात हे ऐकल्यावर आबांना ती मुलगी फार पसंत पडली आणि ते म्हणाले, हे आमच्याकडनं लिहा.

“काका, मला कॉम्प्युटर माहेरीही मिळाला असता,” स्नेहल म्हणाली. “पण यादीत लिहिलं, की नंतर कुणी खेळ बंद करा म्हणणार नाही.”

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली. आबा मान डोलवत होते.

तिनं घरून लिहून आणलेली वस्तूंची यादी माझ्यासमोर ठेवली आणि मी चाटच पडलो. अशी मशीन बांधायला येणारे बहुतेक जण आधी रंगीत दिवे विचारतात. हिनं सगळ्यात वर काय लिहिलं होतं, तर यूपीएस आणि चांगला पॉवर सप्लाय. आमच्याकडे उसाच्या मोटरी सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो, तिथं पहिला खर्च विजेवरच करायला हवा. त्याखाली ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग. गेममध्ये खरी ताकद त्याची. मग मेमरी, मग पडदा. आणि सगळ्यात खाली, मोठा हवेचा कूलर. नळ्या नाहीत, पाणी नाही. ती म्हणाली की यादीच्या वेळी टीममधल्या दोघींची तसली मशीन बघितलेली म्हणून बोलून गेले, नंतर चौकशी केली. या प्रोसेसरला हवा पुरते. पाण्याचे पैसे ग्राफिक्स कार्डाला लावू.

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या सख्ख्या मुलीनं विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

“यादीत पानी हाय,” आबा म्हणाले.

आप्पांनी सह्या दाखवल्या. पाच होत्या, त्यातला एक अंगठा. त्यांचं म्हणणं, बस्त्यात शालू लिहिला तर साडी देऊन चालत नाही. स्नेहलनं परत समजावलं. आबा सून म्हणून तिचं सगळं ऐकत होते, फक्त हे सोडून. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, तुम्ही जाणकार. खरं सांगा, पानी लागतंय का न्हाई?”

मी काय बोलायला हवं होतं ते वर लिहिलंच आहे. पण त्या क्षणी मला काचेची भिंत दिसली, नळ्या दिसल्या, त्यात फिरणारं पाणी दिसलं. मी म्हणालो, “लागलं तर चांगलंच.”

स्नेहलनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तिच्या यादीतला हवेचा कूलर मी तरीही मागवला, लागला तर असावा म्हणून. तो खोक्यासकट माळ्यावर गेला. म्हणजे मला सगळं कळत होतं.

पहिलं मशीन मी शहाण्यासारखं बांधलं. कारखान्यातूनच द्रव भरून सीलबंद येणारा तयार संच असतो, काळ्या नळ्यांचा, त्यात कुणाला हात घालता येत नाही. न्हावरा, चौफुला करत भांडगावला नेऊन बसवला. दुसऱ्या दिवशी आप्पा दोन पंचांना घेऊन पोच द्यायला आले. चहा झाला. तिघांनी काचेला नाक लावलं.

आप्पांनी विचारलं, पाणी कुठाय. मी म्हटलं, आत. ते म्हणाले, दिसत नाही. मी सांगितलं की सीलबंद आहे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी शेतात दिसल्याशिवाय या मंडळींनी जन्मात कधी सही केलेली नव्हती, आणि पाणी सोडलंय म्हणून सांगणारे त्यांनी माझ्यापेक्षा फार जास्त पाहिले होते. एकानं कान लावून मोटरचा आवाज ऐकला आणि निर्वाळा दिला की मोटर चालू आहे, पण पाणी कुठवर आलंय याचा पुरावा नाही. पोच मिळाली नाही.

खरं तर मी वैतागायला हवं होतं. मी शीळ घालत शिरूरला परतलो. आता पारदर्शक नळ्या लागणार होत्या, काचेची टाकी लागणार होती, सगळं जोडून हातानं भरावं लागणार होतं. माझ्या स्वप्नातलं मशीन आता पंचांच्या हुकुमावरून बांधायचं होतं. तीन दिवस मी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. एकेक नळी मापून कापली, एकेक सांधा आवळला, सगळ्या सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवून मोटर दिवसभर नुसती फिरवून बघितली. एक थेंब नाही. द्रवाचा रंग कोणता घ्यायचा ते आबांना फोनवर विचारलं. निळा त्यांना फवारणीच्या मोरचुदासारखा वाटला, लाल औषधासारखा. पाणी पाण्यासारखं दिसावं, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. म्हणून बिनरंगी भरला.

या वेळी आप्पांनी टाकीतली लाट डोळ्यांनी पाहिली आणि यादीत अकरासमोर लिहिलं: ‘पोच. पाणी पाहिलं.’ त्यानंतर निम्मं भांडगाव ते पाणी बघून गेलं. आबा सगळ्यांना समजावून द्यायचे, ही टाकी, ही मोटर, हा ड्रीपर. मी त्यांना बजावलं होतं की यातला द्रव खास असतो, विहिरीचं पाणी इथं चालत नाही, त्यात क्षार असतात. आबा म्हणाले, क्षारांचं मला नका सांगू मास्तर, पंचवीस वर्षं ठिबक सांभाळतोय. ते ऐकून मी निर्धास्त झालो. तिथंच चुकलो.

उन्हाळा आला. स्नेहलची टीम एकेक सामना जिंकत वर सरकली आणि अंतिम सामना मेमधल्या एका रविवारी दुपारी तीनला ठरला. मधे एकदा गावचा विजेचा डीपी जळाल्यानं तिचा एक सामना बुडाला होता, यूपीएस तरी किती तास ओढणार. टीमच्या कप्तान मुलीनं सांगून टाकलं होतं की आणखी एकदा गैरहजर राहिलीस तर जागा दुसरीला जाईल. दुसरी तयारच होती. जागा गेली की खेळ संपला, हे स्नेहलला माहीत होतं आणि घरातल्या सगळ्यांनाही.

त्या रविवारच्या आधी चार दिवस ती चुलतबहिणीच्या लग्नाला हडपसरला गेली. आणि आबांच्या लक्षात आलं की टाकीतलं पाणी थोडं खाली गेलंय, थोडं गढूळ दिसतंय आणि मोटर गुरगुर करतेय. अशा यंत्रात एवढं होतंच, मी पंधरा मिनिटांत भरून दिलं असतं. पण सुनेचा सामना आला होता आणि आबांना तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. ठिबकच्या नळ्या गुरगुरल्या की ऊस उत्पादक काय करतो? हलक्या ॲसिडचं पाणी नळ्यांत भरतो, थोडा वेळ थांबतो, टोकं सोडतो, धुऊन काढतो.

आबांनी तेच केलं. अगदी नीट केलं. आधी मेन स्विच बंद केला. खाली घमेलं ठेवलं. माझा खास द्रव सोडून दिला, ॲसिडचं पाणी भरलं, पंधरा मिनिटं थांबले, सोडलं, दोनदा धुतलं, आणि मग विहिरीचं पाणी फडक्यानं गाळून टाकी काठोकाठ भरली. वर ठिबकच्या वहीत नोंद केली, तारखेसह.

डबीतल्या तांब्यानं ॲसिड चाखलं, मग ते क्षारांचं पाणी प्यायलं आणि रंग सोडायला लागलं. दोन दिवसांत नळ्यांतलं पाणी हिरवट निळं झालं. आप्पांनी येऊन पाहिलं आणि समाधान व्यक्त केलं की आता कसं लांबूनसुद्धा दिसतंय. परत निम्मं गाव येऊन गेलं.

शनिवारी सकाळी स्नेहल परत आली आणि तिनं मशीन चालू न करता मला फोन केला.

“काका, पाणी हिरवं झालंय. वरच्या सांध्याला थेंब आलाय. खाली ग्राफिक्स कार्ड आहे.”

मी माळ्यावर चढलो, हवेच्या कूलरचं खोकं काढलं आणि निघालो. न्हावऱ्यापर्यंत मी स्वतःला सांगत होतो की नळी सरकली असेल. पुढं सांगायला काही सुचेना.

पोचलो. मी मशीन आडवं केलं, पाणी काढलं, डबी उघडली. तांब्यावर हिरवी खरपुडी, सांध्यातलं रबर फुगून चघळलेल्या उसाच्या चोयटीसारखं झालेलं. हे कुणी केलं, मी विचारलं. अमोल आढ्याकडे बघायला लागला. आबा म्हणाले, उष्णतेनं झालं असंल. थेंब कार्डाच्या पाठीवर पडून तिथंच राहिला होता. मी तो टिपला, स्पिरिटनं पुसला, वाळवला आणि मनातल्या मनात नवस बोललो. मग खोक्यातून हवेचा कूलर काढला. तो बसवायला अर्धा तास लागला असता आणि सगळं मिटलं असतं.

“वारा बसवायचा न्हाई,” आबा म्हणाले.

मी म्हटलं, आबा, सामना उद्या आहे, नवीन नळ्या आणि डबी यायला आठवडा लागेल. ते मशीनच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले. मला वाटलं, हट्ट. रागही आला.

“मास्तर, यादीतलं पानी म्या आज काढू दिलं, तर उद्या कुनी म्हनंल खेळबी काढा. एकाच वळीत हाय दोन्ही. पोरगी कशाच्या जोरावर बसनार?”

स्नेहल दारात उभी होती. मी कूलर परत खोक्यात ठेवला. एवढे महिने मला वाटत होतं की हा माणूस पाण्याला धरून बसलाय.

तोड एकच होती. ज्यांनी यादी केली त्यांनीच ती बदलायची. रविवारी सकाळी दहाला आबांच्या ओसरीवर पाच पंच बसले, स्नेहलचे वडील हडपसरहून फोनच्या स्पीकरवर बसले, आणि सतरंजीच्या मधोमध उघडं पोट घेऊन कॉम्प्युटर बसला. सामन्याला पाच तास होते.

सूचना येऊ लागल्या. एक पंच म्हणाले, वारा बसवा, पण शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवा, म्हणजे यादीला बाध नाही. दुसऱ्यांनी ओल्या गोणपाटाचा विचार मांडला. मी त्यांना शेठचा अनुभव सांगितला. तिसऱ्यांनी विचारलं, पाणी नुसतंच गोल फिरतं ठेवता येईल का, प्रोसेसरला न लावता, मंदिरापुढच्या कारंज्यासारखं. हे खरोखर करता आलं असतं आणि क्षणभर माझे हात शिवशिवले. फोनमधून व्याही दर दोन मिनिटांनी म्हणत होते की आमचं काही म्हणणं नाही. त्यांच्या मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. बारा वाजले.

आप्पा कागदावर पेन धरून थांबले होते. बदल लिहायचा तर कारण लिहावं लागतं, त्यांनी सांगितलं. खराब झालं लिहिलं तर वरपक्षानं पुन्हा पाणी द्यायला हवं. मुलीला नको लिहिलं तर मुलीनं आपला हक्क सोडला असं होतं, ते लिहायला ते तयार नव्हते. पाणी मुळात लागतच नव्हतं असं असेल तर गोष्ट वेगळी.

“पर लागतंय असं मास्तर म्हनलं व्हतं,” आप्पा म्हणाले. “शिरूरला. माझ्या म्होरं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टायपिंगच्या परीक्षेत मी शेकडो पोरांच्या मागे उभा राहिलोय. चूक केली की मागच्या माणसाची नजर मानेवर कशी टोचते ते तेव्हा कळलं.

“लागत नव्हतं,” मी म्हणालो. “पोरीचं तेव्हाच बरोबर होतं. मला असलं मशीन एकदा बांधायचं होतं, म्हणून मी बोललो नाही.”

मला वाटलं आता आबा उठतील आणि मला चौफुल्यापर्यंत पायी घालवतील. आबा उठले. आत गेले, ठिबकची वही घेऊन आले आणि माझ्या मांडीवर उघडून ठेवली. खालची नोंद ताजी होती: ‘सूनबाईचा कॉम्प्युटर. ॲसिड ट्रीटमेंट. १५ मि. पाणी बदलले.’

“ॲसिड म्या घातलं,” ते म्हणाले. “काल उष्णतेवर ढकललं. आता तुम्ही बोलला, मग म्या कशापायी लपवू.”

आप्पांनी दोघांकडे आलटून पालटून पाहिलं आणि पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात स्नेहल पहिल्यांदा बोलली.

“आप्पा, पाणी काढा. पण खेळ लिहा.”

आप्पांनी लिहिलं. सह्या झाल्या, अंगठा झाला. सहावी सही साक्षीदार म्हणून माझ्याकडून घेतली. मग मी कूलर बसवला. पंखा फिरला, पडदा उजळला, कार्ड शाबूत होतं. नवस मी नंतर फेडला.

तीन वाजता सगळी ओसरी तिच्या खोलीत आली. पडद्यावर काय चाललंय ते तिच्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं. आप्पा डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकत होते आणि मध्येच म्हणाले की वाऱ्याचं बरं असतं, चालू हाय ते कळतं. मी कोपऱ्यातला तापमानाचा आकडा सोडून कुठंच पाहिलं नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आकडा जागचा हलत नव्हता. आबा तिच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून शेवटपर्यंत उभे होते.

टीम हरली. नंबर दुसरा आला. स्नेहलनं कानावरचा हेडफोन काढला आणि वळून ती म्हणाली की कप्तान म्हणते पुढच्या स्पर्धेचा सराव सोमवारपासून. आबांना एवढंच कळलं की सोमवारपासून, आणि तेवढं त्यांना पुरलं. माझं म्हणाल तर मशीन दोन तासांत एकदाही अडलं नाही. माझ्या धंद्यात यालाच जिंकणं म्हणतात. त्या काचेच्या टाकीला आणि नळ्यांना मी दुकानातल्या फळीवर ठेवलंय. आतला हिरवा पट्टा मी धुतलेला नाही.

गेल्या महिन्यात पाटसकडची मंडळी आली. वडील, मामा आणि लग्न ठरलेली मुलगी. अजून कोरीच असलेली यादी आणि आबांची चिठ्ठी घेऊन. भांडगावसारखाच पाण्याचा कॉम्प्युटर पाहिजे म्हणाले. त्या भागातल्या दोन याद्यांत तो लागला म्हणे. चिठ्ठीत आबांच्या वळणाच्या अक्षरात एकच ओळ होती: ‘मास्तर, पाव्हणे आपलेच हायेत, आधी खरं सांगा.’

मी आधी खरं सांगितलं. फळीवरची टाकी दाखवली, तांब्याची डबी हातात दिली, पाणी लागत नाही म्हणालो. मामा हिरमुसले. मुलीनं मात्र डबीवरची हिरवी खरपुडी नखानं खरवडून पाहिली आणि विचारलं, “मग यादीत काय लिहायला सांगू?”

मी काचेखालचा कागद तिच्याकडे फिरवला आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. आप्पांच्या अक्षरात, ‘पाण्याचा’ या शब्दावर काट मारून, पुढं लिहिलेलं आहे: ‘पाणी वजा. खेळ कायम.’